घरचे मैदान, परके विद्यार्थी

पावसाळा ओसरला की आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. नंदुरबार जिल्हा जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. विभागवार सामने होतात आणि कुठल्यातरी महाविद्यालयाकडे यजमानपद येते. फुटबॉलचा सामना असला की चित्र ठरलेले असते. सकाळी चुन्याच्या रेषा आखल्या जातात, गोलखांबांना जाळी असली तर बांधली जाते, मंडपाखाली चार खुर्च्या आणि पाण्याचे जार येतात. बावीस खेळाडू, पंच, राखीव गडी, दोन्ही बाजूंचे क्रीडाशिक्षक आणि गुणपत्रक लिहिणारा लिपिक, एवढ्यावर मैदानाची लोकसंख्या संपते. यजमान महाविद्यालयाचे शेकडो विद्यार्थी त्या वेळी हाकेच्या अंतरावर, चहाच्या टपरीपाशी किंवा बसस्थानकावर उभे असतात. गोल झाला तरी जो आवाज उठतो तो गोल करणाऱ्यांचाच. घरच्या मैदानावर खेळण्याचा लाभ एवढाच की, खड्डा नेमका कोठे आहे हे यजमान संघाला ठाऊक असते.

या शांततेची तक्रार प्राचार्य करतात, क्रीडाशिक्षक करतात, बक्षीस वितरणाला आलेले पाहुणेही करतात. निदानही प्रत्येकाजवळ तयार असते: आजचा तरुण निरुत्साही झाला आहे, त्याला मोबाईलखेरीज काही दिसत नाही, त्याला आपल्या महाविद्यालयाचा अभिमान उरलेला नाही. यातील शेवटचे विधान खरे आहे. पहिली दोन सांगणाऱ्यांनी हा जिल्हा नीट पाहिलेला नाही, असेच म्हणावे लागते.

होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला या तरुणांच्या निरुत्साहाची कथा कोणी सांगू नये. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून मुलेमुली डोंगर उतरून येतात, ढोल खांद्यावर घेऊन येतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला माणसे रात्रभर चालत येतात आणि पहाटेपर्यंत नाचतात. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते तेव्हा घोड्यांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीत तर पहिल्या रेवड्यांच्या कुस्तीपासून लोक आखाड्याभोवती दाटीवाटीने बसलेले असतात. आठ-दहा वर्षांच्या पोराने पाठ लावली की गर्दीतून कोणी म्हातारा उठतो, आखाड्यात जातो आणि त्या पोराच्या हातावर दहाची नोट ठेवतो. त्याला कोणी परिपत्रक पाठवलेले नसते. ते पोर त्याच्या गावचे असते, किंवा गावचे नसले तरी ती यात्रा त्याची असते.

गर्दी आहे आणि आवाजही आहे. तो महाविद्यालयाच्या मैदानावर का येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

फुटबॉल हा खानदेशचा खेळच नव्हे, असे एक उत्तर दिले जाते. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या मानाने फुटबॉल येथे पाहुणा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यालाही यजमान विद्यार्थी फारसे येत नाहीत, तेव्हा दोष खेळाच्या जातीवर ढकलता येत नाही. शिवाय खेळ पाहुणा म्हणून आला तरी लोक त्याला घरचा करून घेतात, याचा दाखला याच महाराष्ट्रात आहे.

तो दाखला कोल्हापूरचा. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी बहरलेल्या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे तेथे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की दुपारपासून कट्टे भरतात. संघाच्या खर्चासाठी पेठेतली माणसे खिशात हात घालतात आणि हरल्यावर पेठेत सुतक असल्यासारखी शांतता पसरते. इंग्रजांनी आणलेला हा खेळ तालमीच्या मातीत रुजला, कारण संघ पेठेचा होता. या उत्साहाची काळी बाजूही लपवण्याचे कारण नाही. तेथे हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगड भिरकावले गेले आहेत, सामने थांबवावे लागले आहेत. पेठेचा अभिमान पेठेच्या भिंतीपर्यंतच राहिला तर तो शेजारच्या पेठेचे डोके फोडतो, हे समाजवाद्यांना वेगळे सांगायला नको. तरीही मूळ गोष्ट उरतेच. जेथे संघ आपला आहे तेथे प्रेक्षक आपोआप येतो.

याच्या उलट अनुभव मुंबईने २०१८ साली दिला. अंधेरीच्या मैदानावर १ जूनला भारताच्या राष्ट्रीय संघाने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. एवढ्या मोठ्या महानगरातून तो सामना पाहायला २,५६९ माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने लोकांना जाहीर विनंती केली की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना भर पावसात भरगच्च गर्दीपुढे झाला आणि भारताने तो ३-० असा जिंकला. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. घटना हृद्य होती, यात शंका नाही. परंतु देशाच्या कर्णधाराला लोकांपुढे पदर पसरावा लागावा, ही स्थितीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशी विनंती एकदा फळते. दर सामन्याला ती करता येत नाही, आणि अक्कलकुव्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कर्णधाराने ती केली तर ऐकणार कोण?

तेव्हा महाविद्यालय विद्यार्थ्याचे का राहिले नाही, याकडे वळावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आहे आणि तिच्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्या वर्षी साक्षरता ६४ टक्के होती. या जिल्ह्यात महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचलेला भिल्ल, पावरा, मावची किंवा कोकणी मुलगा बहुधा घरातला पहिला पदवीधर होऊ पाहत असतो. तो कोठे राहतो, काय खातो, घरी कसा जातो याचा विचार केल्याशिवाय त्याच्या टाळ्यांचा हिशेब मागणे अन्यायाचे आहे. जो रोज एस.टी.ने ये-जा करतो त्याचे वेळापत्रक महाविद्यालय ठरवत नाही, आगार ठरवते. दुपारच्या सामन्यासाठी थांबले आणि गाडी चुकली तर रात्र बसस्थानकावर काढावी लागते. धडगावकडची वाट चांदसैलीच्या घाटातून जाते आणि पावसाळ्यात त्या घाटाचा भरवसा कोणी देत नाही. मुलीच्या बाबतीत तर प्रश्नच संपतो. अंधार पडल्यावर घरी पोचलेल्या मुलीचे शिक्षण दुसऱ्या दिवशीही चालू राहील, याची हमी तिला सामना दाखवणारे देत नाहीत. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्यांच्याबरोबर काही विद्यार्थीही जातात आणि परीक्षेच्या तोंडावर परततात. स्पर्धांचा ऐन हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे, हे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

ही अडचण मोठी आहे, पण ती सारे स्पष्ट करीत नाही. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी तर मैदानापासून दूर नसतो. तोही येत नाही. त्याचे कारण अर्थशास्त्रात कमी आणि लोकशाहीच्या अभावात अधिक सापडते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एके काळी विद्यार्थी आपले प्रतिनिधी मतदानाने निवडीत. त्या निवडणुकांत पैसा शिरला, दांडगाई शिरली. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. रोग खरा होता. परंतु उपाय म्हणून रोग्यालाच खाटेवरून उचलून बाहेर ठेवण्यात आले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ केली. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी झाला. त्याला कोणी निवडले नव्हते, म्हणून तो कोणाला उत्तरदायी नव्हता. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९ साली त्यांचा कार्यक्रमही जाहीर झाला आणि मग तो पुढे ढकलला गेला. अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला आपल्या महाविद्यालयाचा क्रीडा प्रतिनिधी निवडण्याचा अनुभव एका संपूर्ण पिढीत मिळालेला नाही. तो प्रवेशाच्या वेळी जिमखाना शुल्क भरतो. त्या पैशांतून चेंडू आले की खुर्च्या, हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारण्याची जागाही नाही. मैदान सकाळी केव्हा उघडावे, सामना कोणत्या वेळी व्हावा, संघाच्या गणवेशाचा रंग कोणता असावा, यांतील एकाही गोष्टीत त्याचे मत घेतले जात नाही. मग एके दिवशी फलकावर सूचना लागते की सर्व विद्यार्थ्यांनी संघाला प्रोत्साहन देण्यासाठी उपस्थित राहावे. त्या सूचनेत संघाला ‘आपला’ असे विशेषण लावलेले असते.

यात शिक्षणाच्या बाजारीकरणाची भर पडली. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले आणि त्यानंतर विनाअनुदानाचे लोण शिक्षणाच्या सर्व शाखांत पसरत गेले. अनुदानित महाविद्यालयांतही जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक या तासाहून त्या गावच्या तासाला धावतो आणि शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिकामे असले की तो भार दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकावर टाकला जातो. सत्रपद्धतीने वर्ष परीक्षांत कापून काढले आहे. ज्या संस्थेत शिकवणाराच पाहुणा आहे तेथे शिकणाऱ्याने घरचे व्हावे, ही अपेक्षा धाडसाचीच म्हटली पाहिजे.

आणि खेळाचे काय झाले? शासनाने २००५ साली नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण दिले. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळू लागले. आदिवासी मुलासाठी ही शिडी खरी आहे आणि तिला हात लावण्याची भाषा कोणी करू नये. पण शिडीभोवती जो व्यवहार वाढला त्याने खेळाचा उद्देशच बदलला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यभर उघडकीस आली, ती आकाशातून पडली नाहीत. प्रमाणपत्र हेच जेथे खेळाचे फळ ठरते, तेथे पंचाची सही लागते, शिक्का लागतो, गुणपत्रक लागते. प्रेक्षक लागत नाही. रिकामे मैदान ही त्या व्यवहाराच्या दृष्टीने उणीवच नव्हे. कित्येकदा ती सोयच असते.

२०१७ चे उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात भरणार होती आणि तिचे काही सामने नवी मुंबईत होते. त्या निमित्ताने १५ सप्टेंबरला राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ या नावाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम घेतला. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. दिवस साजरा झाला, छायाचित्रे निघाली. चेंडू पोचवणे सोपे असते. मैदान, प्रशिक्षक, पोटभर अन्न आणि शाळा सुटल्यावर खेळायला मोकळा तास पोचवणे अवघड असते. आकडा पुरा करण्यासाठी भरवलेला उत्साह आकड्याबरोबरच संपतो.

ही विकृती आपल्याच देशाची आहे, असेही नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. त्यांचा खेळ निराळा, चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तेथे एकेका विद्यापीठाच्या मैदानात लाखभर माणूस बसतो, प्रशिक्षकाला कुलगुरूहून किती तरी अधिक वेतन मिळते. दशकानुदशके ज्यांच्या घामावर हे चालले त्या विद्यार्थी खेळाडूंना मात्र २०२१ पर्यंत आपल्या नावावर चार पैसे मिळवण्याचीही मुभा नव्हती. आणि तेथेही तक्रार तीच! अलाबामा विद्यापीठाचा संघ वर्षानुवर्षे जिंकत असताना विद्यार्थी सामना अर्ध्यावर सोडून जातात, म्हणून प्रशिक्षक निक सेबन जाहीरपणे नाराज झाले. त्यावर २०१९ साली विद्यापीठाने उपाय काढला तो असा: विद्यार्थ्यांनी मोबाईलमध्ये एक यंत्रणा बसवावी, ते शेवटपर्यंत मैदानात आहेत की नाहीत हे तिच्यातून कळावे आणि थांबणाऱ्याला पुढल्या तिकिटांसाठी गुण मिळावेत. त्या विद्यापीठाला सुचलेला मार्ग आणि आपल्याकडील हजेरीच्या धमकीचा मार्ग यांत फरक यंत्राचा आहे, वृत्तीचा नाही.

येथपर्यंत वाचून कार्यकर्त्यांना समाधान वाटले असेल तर त्यांनी थोडे थांबावे. हजेरीने भरलेली मैदाने समाजवादी पक्षांनाही अपरिचित नाहीत. मोर्चाला माणसे किती आणली हे विचारले जाते. ती का आली हे विचारण्याची सवय मोडली आहे. टेम्पो ठरतात, तालुक्याला आकडा वाटून दिला जातो, सभेत पुढच्या रांगेतला एक जण हात वर करून टाळ्यांची सुरुवात करतो. व्यासपीठावरून ज्यांच्या नावाने भाषण होते ते मंडपाच्या कडेला बसून परतीच्या गाडीची वाट पाहतात. महाविद्यालयाच्या मैदानावरची शांतता आणि सभेतली ही शांतता सख्ख्या बहिणी आहेत.

याच भूमीला दुसऱ्या गर्दीचा अनुभव आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा तिरंगा घेऊन होता. गोळीबार झाला आणि शिरीषकुमारसह लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही मुले धारातीर्थी पडली. त्या मुलांना कोणी हजेरीसाठी आणले नव्हते. १९७२ साली शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते गेलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन उभे राहिले, तेव्हा भाकरी बांधून, पायी चालत माणसे आली. त्यांच्यातल्या बायकांनी पुढे दारूचे गुत्ते फोडले. तो कार्यक्रम कोणत्याही कार्यकारिणीने आखलेला नव्हता. नर्मदेच्या बुडितातील गावांत आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांचा बालमेळावा भरतो, त्यात मुले कबड्डी खेळतात, धावतात, तीर मारतात आणि आईबाप कडेला उभे राहून ओरडतात. त्या शाळा त्यांनी स्वतः कुडाच्या भिंती उभारून बांधल्या, हे त्या ओरडण्यामागचे कारण आहे. आणि जुलै २०१८ मध्ये वसतिगृहातील खानावळी बंद करून रोख पैसे देण्याच्या धोरणाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, पोलिसांनी वाटेत अडवीपर्यंत चालत राहिले. ज्यांना मैदानावर निरुत्साही म्हटले जाते ते विद्यार्थी याच वयाचे आणि याच समाजाचे होते. स्वतःच्या ताटाचा प्रश्न त्यांना स्वतःचा वाटला.

म्हणून या हंगामात पक्षाच्या विद्यार्थी आणि युवक शाखांनी काही कामे हाती घ्यावीत. महाविद्यालयीन निवडणुका घेण्याची मागणी विधिमंडळाच्या दारातच नव्हे, तर प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकावर व्हावी. ती मिळेपर्यंत जिमखाना शुल्काचा जमाखर्च फलकावर लावा, एवढी साधी मागणी विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी प्राचार्यांकडे न्यावी. तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सामन्यांची वेळ ठरवताना एस.टी.च्या शेवटच्या फेऱ्या पाहाव्यात, निदान अंतिम सामन्याच्या दिवशी आगाराने धडगाव, मोलगी, नवापूरच्या गाड्या सामना सुटेपर्यंत थांबवाव्यात, यासाठी शिष्टमंडळ न्यावे. काही सामने महाविद्यालयाच्या कुंपणातून बाहेर काढून तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी बाजाराशेजारच्या मैदानावर घेण्याचा आग्रह विद्यापीठाकडे धरावा. खेळाडूचा बाप बाजाराला आलेला असतो आणि आपला मुलगा काय खेळतो हे त्याने बहुधा एकदाही पाहिलेले नसते. मुलींच्या सामन्यांना तर हे अधिकच लागू आहे. लेकीच्या पायात बूट आणि समोर गर्दी पाहिलेला बाप तिचे लग्न ठरवण्याची घाई वर्षभर तरी पुढे ढकलील, अशी आशा धरायला जागा आहे.

सामन्याच्या दिवशी कार्यकर्त्यांनी स्वतःही मैदानावर जावे. बिल्ला, झेंडा किंवा पत्रके सोबत नेऊ नयेत. खेळाडूंची नावे, त्यांचे पाडे, ते कोणत्या आश्रमशाळेतून आले आणि दुपारी काय जेवले, हे विचारून घ्यावे, आणि गोल झाला की जोरात ओरडावे. पुढच्या सामन्याला वसतिगृहातल्या दोन मुलांना, ओढून न आणता, बरोबर येता का असे विचारावे.